सवाष्ण पाटावर आहे

सदुसष्टच्या श्रावणात बेळगावचा वाद वेल्ह्याच्या बाजारापर्यंत येऊन पोचला. चौकात भाषणं झाली, पोरांनी घोषणा दिल्या. मला त्यातलं फारसं कळत नसे. माझे मालक फौजेत, काश्मीरच्या बाजूला होते. त्यांच्यासाठी मी दर शुक्रवारी एक सवाष्ण जेवू घालायचे आणि तिचं होईपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचे नाही.

त्या शुक्रवारी सवाष्ण होती शांतव्वा, पोस्टमास्तरांची बायको, मूळची धारवाडची, कानडी; बिऱ्हाड पोस्टातच. मास्तर कामासाठी भोरला गेले होते.

तिच्या पानात मी पुरणपोळी वाढली आणि दारात माझा धाकटा दीर मानसिंग उभा राहिला. मागे सात-आठ पोरं. एकाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा.

"वहिनी, हिला उठवा. कानड्यांनी आजच्या एसटीनं गाव सोडायचं, ठरलंय."

शांतव्वाचा घास हातातच राहिला. दिरासमोर मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते.

"भाऊजी, सवाष्ण पाटावर हाय. उठवता येत न्हाई."

नेमाची सवाष्ण अर्ध्या पानावरून उठली तर घरच्या धन्यावर संकट येतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. मानसिंग अडला.

"जेवू द्या. थांबतो आमी."

मग मी वाढतच राहिले. भात, वरण, तूप, पुन्हा भात.

"किती जेवती ही?" बाहेरच्या पोरांतला ज्ञानू ओरडला.

"तुझ्यापरीस कमीच," मी म्हणाले. कोणीतरी हसलं.

"अक्का, उतरत नाही घशाखाली," शांतव्वा कुजबुजली.

"एक घास. माझ्या मालकांसाठी."

मानसिंगनं ते ऐकलं. "दादाचं नाव मधी कशाला?"

"त्यांच्यासाठीच तर बसलीया ती. तुमचे दादा तिकडं बर्फात कुणाची राखण करत्यात, भाऊजी? नुसती वेल्ह्याची? उद्या त्यांना तिथं कुनी म्हनलं, तू हितला न्हाईस, चालता हो..."

अशुभ बोलले की काय, म्हणून देव्हाऱ्यातल्या देवीसमोर मी गालात मारून घेतलं.

मानसिंगनं तिच्या पानाकडं बघितलं. मग वहाणा काढून आत आला आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"फुटलास का रं?" ज्ञानू म्हणाला.

"व्हय, फुटलो. सवाष्ण आमच्या घरची हाय. आमीच पोचवणार."

पान पूर्ण झाल्यावर मी तिची ओटी भरली. तो पुढं, ती मधे, मी मागे. एक दगड माझ्या पायाशी येऊन पडला. कोणी मारला, हे वळून बघायची छाती झाली नाही.

"आतनं कडी घाला, ताई," पोस्टाच्या दाराशी मानसिंग म्हणाला. "म्या बसतो पायरीवर."

कडी वाजली. पोरं समोरच्या पारावर येऊन बसली, दांडा मांडीवर आडवा. मी मानसिंगशेजारी टेकले. मास्तरांची एसटी यायला अजून दीड तास होता.