बसलेली बाई

इटलीतल्या मोंतेबेल्लूनात बुटांचे कारखाने इतके, की माणसं जेवायला बसली तरी बोलणं फिरून पायांवर येतं. त्यातल्याच गास्तोने नावाच्या मालकांच्या कारखान्यात नीवेस बावीस वर्षं नोकरीला होती. कागदावर तिच्या कामाचं नाव होतं ‘नमुना विभाग, मदतनीस’. खरी गोष्ट एवढीच, की तिचा पाय बरोबर सदतीस नंबरचा होता. बायकांचा कुठलाही नवा स्कीबूट साच्यातून निघाला की पहिल्यांदा नीवेसच्या पायात जायचा. तो घालून ती विभागातल्या जिन्यावर चढायची, उतरायची, गुडघे वाकवून पुढं झुकायची. मग इंजिनिअरसाहेब वही उघडून विचारायचे, कसं वाटतंय?

बावीस वर्षं तिचं उत्तर एकच होतं. पोटरीला चावतोय. बायकांची पोटरी पुरुषांपेक्षा खाली असते. तुम्ही पुरुषांचाच बूट लहान करता, वर गुलाबी रंग देता, मग त्याचा मागचा काठ पोटरीत घुसणार नाही तर काय होईल? इंजिनिअरसाहेब हे सगळं लिहून घ्यायचे. मग म्हणायचे, हा स्कीचा बूट आहे, सपाता नव्हेत, आणि वही मिटायचे. नीवेसही मग वाद घालत नसे. दर रविवारी क्लबच्या बसने ती नेवेगालच्या उतारावर स्की करायला जायची, आणि तिथे जे बूट घालायची त्यांचा मागचा काठ तिने केव्हाच घरी करवतीने उतरवला होता.

दर सप्टेंबरला नवा कॅटलॉग छापून यायचा. कॉफीच्या सुट्टीत जोडणीवरच्या बायका तो आधी घ्यायच्या. पुरुषांच्या पानांवर पुरुष असायचे ते हवेतच. कड्यावरून उडी मारलेले, बर्फाच्या धुरळ्यात, दात आवळलेले. बायकांच्या पानांवर बाई बसलेली. कधी लाकडी बाकावर, कधी मोटारीच्या बॉनेटवर. एका वर्षी तर शेकोटीपुढच्या कातड्यावर, अंगात लोकरी स्वेटर आणि त्याखाली एकदम बूटच. हिला बूट कशाला, उशी द्या, असं कोणीतरी म्हणायचं आणि सगळ्या पुन्हा कामाला लागायच्या.

त्र्याण्णव सालच्या कॅटलॉगात मात्र घोटाळा झाला. स्कीबुटाची बकलं बाहेरच्या बाजूला असतात. त्या वर्षीच्या बसलेल्या बाईची बकलं आतल्या बाजूला होती. म्हणजे डावा बूट उजव्या पायात आणि उजवा डाव्या. फोटो काढणाऱ्यांना कळलं नाही, छापणाऱ्यांना कळलं नाही, जोडणीवरच्या बायकांना लांबून कळलं. पण तोवर कॅटलॉग आल्प्सच्या पलीकडे पोचले होते, आणि एका ऑस्ट्रियन दुकानदाराने मालकांना फोन करून विचारलं की तुमच्याकडे बायकांचे पाय असेच असतात का.

म्हणून पुढच्या मार्चमध्ये, येत्या हिवाळ्याचे फोटो काढायची वेळ आली तेव्हा मालकांनी नीवेसला ऑफिसात बोलावलं. तिथे त्यांची थोरली बहीण देल्फीना टाइपरायटरमागे बसलेली असायची. साठीच्या पुढची, कमी बोलणारी, सगळं ऐकणारी. मालक नीवेसला म्हणाले, तू फोटोवाल्यांबरोबर डोंगरात जायचंस. काम एकच. डावा डाव्या पायात, उजवा उजव्या पायात.

ती बारा जोड आणि हत्यारांची पेटी घेऊन गाडीत बसली. शेजारी फुल्व्यो होता, मिलानचा, जाहिरातींचं बघणारा. माणूस वाईट नव्हता. वाटेत त्याने तिला स्वतःच्या डब्यातल्या खारकासुद्धा दिल्या. बायकांच्या नव्या बुटाचं नाव होतं रेजिना, म्हणजे राणी, आणि त्याने त्याच्यासाठी ओळ लिहिली होती: ‘तिच्याइतकीच हळुवार.’ बाई म्हणून तुम्हाला कशी वाटते, असं त्याने विचारलं. नीवेस म्हणाली, ओळ बरी आहे, बूट हळुवार नाही. तो हसला. म्हणाला, बायका बूट पायाने घेत नाहीत नीवेसबाई, आरशात बघून घेतात. नीवेसने आणखी एक खारीक घेतली.

फाल्झारेगो खिंडीत ऊन होतं, पण वारा कापत होता. उड्या मारणाऱ्या माणसाचे फोटो सकाळीच झाले. तो जुना शर्यतपटू होता. चार उड्या मारल्या आणि आपला सॉसेज खायला निघून गेला. मग बाईची पाळी आली. तिचं नाव झ्देंका. स्लोव्हाकियाची, चोवीस-पंचवीसची, लांब हाडाची पोरगी. तिला रुपेरी तंग पोशाख दिला होता, त्याची चेन पोटापर्यंत उघडी ठेवायची होती. एका लाकडी घसरगाडीवर कोल्ह्याचं कातडं अंथरलं होतं. नीवेसने खाली गुडघ्यावर बसून तिच्या पायात बूट चढवले, बकलं लावली, दोनदा तपासली. शेवटचं बकल बसलं तेव्हा झ्देंकाच्या चेहऱ्यावर एक कळ आली आणि गेली. ती कळ नीवेसच्या चांगल्या ओळखीची होती.

झ्देंका मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये म्हणाली की मला उभं राहायचंय. तिचे वडील तात्रा डोंगरात एका खेड्यात स्कीवाल्यांना उतारावर नेणारी लिफ्ट चालवायचे. तीन वर्षांची असल्यापासून ती बर्फात होती. उभी राहते, पाहिजे तर वरून खाली येते, असं ती फुल्व्योला सांगत होती. फुल्व्योने प्रेमाने मान हलवली आणि पाय घसरला-मोडला तर एजन्सीला तोंड कसं दाखवू असं विचारलं. तरी ती उभी राहिलीच. फोटोग्राफर तित्स्यानो फोटो काढायला लागला. दहाएक मिनिटांत तिच्या पोटऱ्या बधिर झाल्या. ओठ हसत होते, पण कपाळावर आठ्या चढत गेल्या, आणि शेवटी ती आपसूकच त्या घसरगाडीवर बसली.

“हां, आता छान,” तित्स्यानो म्हणाला.

फोटोंच्या मध्ये नीवेस स्वतःचं जाकीट तिच्या अंगावर टाकत होती. तसंच टाकून परत येताना ती तित्स्यानोपाशी थांबली. तो बारा वर्षं हेच करत होता, याच नव्हे तर आणखी तीन-चार कारखान्यांसाठी. तिने त्याला विचारलं की बायकांना तुम्ही नेहमी का बसवता. कोणी सांगितलंय?

तित्स्यानोने कॅमेरा खाली घेतला. हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता हे दिसत होतं.

“सांगत कोणी नाही,” तो म्हणाला. “उभ्या केल्या की थोड्या वेळाने तोंडं वाकडी होतात त्यांची. बसल्या की हसतात. मला वाटायचं, बायकांना उभं राहायला आवडत नाही.”

नीवेस तिथेच उभी राहिली. बावीस वर्षं तिला वाटत होतं की कॅटलॉगवाले बायकांना मुद्दाम बसवतात. तसं काही नव्हतं. त्यांचं बापड्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. बूट चावत होता आणि पोरी बसत होत्या, आणि बसलेल्या पोरी छान दिसतात म्हणून पुढच्या पोरीसाठी आधीच कातडं अंथरून ठेवत होते. तिला हसूही आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे तिला भूक लागली.

जेवायला सगळे खोपटातल्या खानावळीत गेले. बाकीचे मक्याच्या पिठाचा पोलेंता आणि सॉसेज यांवर तुटून पडले तेव्हा नीवेस रेजिनाचा एक जोड आणि हत्यारांची पेटी घेऊन मागच्या ओट्यावर गेली. झ्देंका ताट घेऊन तिच्यामागे आली. नीवेसने आतले मऊ बूट उपसून बाजूला ठेवले, बाहेरचं प्लॅस्टिकचं कवच दोन गुडघ्यांत धरलं आणि मागच्या काठावर दोन बोटं खाली खूण केली. मग करवत चालवली. गुलाबी भुसा बर्फावर पडत होता. आतल्या बुटाचा मागचा काठही तिने तेवढाच खाली घेऊन शिवला. कानशीने कडा गुळगुळीत झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि पोलेंतासाठी उकळत असलेल्या आधणात कवच उलटं बुडवलं. आचारीण बरंच काही बोलली. नीवेसने तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि कवच मऊ झाल्यावर त्याच्या तोंडात बाटली दाबून वरचा घेर पसरवला. गाडीतल्या रबरी पायपुसण्याचे दोन तुकडे कापून तिने टाचेखाली घातले. हे सगळं तिने स्वतःच्या बुटांवर पूर्वी केलेलं होतं, त्यामुळे हात थांबत नव्हते.

झ्देंकाने ते घातले. बकलं लावली. पुढं झुकली, आणखी झुकली. तिच्या कपाळाकडे नीवेस बघत होती. आठी आली नाही.

“बाई,” झ्देंका म्हणाली, “पाय आहे. मला पाय आहे.”

तिने चेन गळ्यापर्यंत ओढली, भिंतीला टेकवलेल्या शर्यतपटूच्या स्की उचलल्या, नीवेसने स्क्रू फिरवून त्या तिच्या बुटांना जमवून दिल्या, आणि फुल्व्योची कॉफी संपेपर्यंत पोरगी खुर्चीच्या लिफ्टवरून अर्ध्या डोंगरापर्यंत पोचली होती. फुल्व्यो बाहेर आला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं की मुलगी कुठाय. शर्यतपटूने तोंडातला घास न गिळता वर बोट दाखवलं.

ती आली ती सरळ उताराची रेघ धरून आली. मध्ये एक बर्फाचा उंचवटा होता, त्यावरून उडाली, उतरली, आणि मग लांब लांब वळणं घेत अशी खाली आली की दोन्हीकडे बर्फाच्या भिंती उभ्या राहत होत्या. तित्स्यानोला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो पोटावर पडून फोटो काढत सुटला होता. खिंडीतून जाणारे दोघेतिघे थांबून बघत राहिले. पोरगी खानावळीसमोर येऊन आडवी थांबली तेव्हा भुवयांवर बर्फ, नाक लाल, तोंड उघडं, आणि ती तिच्या भाषेत काहीतरी बोलत होती, जे कोणाला कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती. नीवेसच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वाऱ्यावर ढकललं.

फुल्व्योने टाळ्या वाजवल्या. खरंच मनापासून वाजवल्या. मग तो नीवेसला बाजूला घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, “नीवेसबाई, फोटो झकास आहेत. पण हे बूट आपण बनवतच नाही.”

“मग बनवा,” नीवेस म्हणाली.

त्याचंही बरोबर होतं. तो जे विकायला आला होता ते ती करवतीने कापून बसली होती. दुपारी झ्देंकाला पुन्हा न कापलेला जोड घालून घसरगाडीवर बसवलं, चेन उघडली, आणि हळुवार ओळीला शोभेलसा फोटो निघाला.

सोमवारी मालकांनी बोलावलं. टेबलावर तो कापलेला जोड होता. मालक ओरडणारे नव्हते, पण मान लाल झालेली होती. नमुन्याच्या जोडाची नासधूस, आचारणीचा तक्रारीचा फोन, सगळं त्यांनी मोजून सांगितलं. इंजिनिअरसाहेबांनीही मान डोलावली. नीवेसने पाठ केलेलं भाषण तिला ऐनवेळी आठवेना. ती एवढंच म्हणाली, की तुम्ही विचारत होता कसं वाटतंय, तर असं वाटतंय, आणि बुटाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात देल्फीनाबाई उठल्या. टेबलाजवळ आल्या, स्वतःचे काळे बूट काढले आणि खुर्चीवर बसून ते गुलाबी कवच पायात चढवायला लागल्या. नीवेस पटकन खाली वाकून बकलं लावायला लागली. देल्फीनाबाई उभ्या राहिल्या, पुढं झुकल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या आणि टाइपरायटरमागे जाऊन पत्रं टाइप करायला बसल्या. दिवसभर त्यांनी ते काढले नाहीत. फाइल आणायला उठल्या की टक टक टक आवाज सगळ्या मजल्यावर जायचा. पस्तीस वर्षांपूर्वी देल्फीनाबाई गावातल्या पोरींत सगळ्यांत धीट होत्या, बर्फात भावाच्या पुढं असायच्या. मग एकाएकी थंडी सोसवत नाही म्हणून त्यांनी स्की सोडल्या होत्या. संध्याकाळी घरी निघताना त्या भावाला म्हणाल्या, “थंडी नव्हती रे. पोटऱ्या होत्या. तुला सांगायची लाज वाटली.”

मालकांनी दुसऱ्या दिवशी साचेवाल्यांना बोलावलं.

साचे काही एका हिवाळ्यात होत नसतात. त्या सप्टेंबरचा कॅटलॉग आला तो जुन्याच बुटांचा. पानभर कोल्ह्याचं कातडं, त्यावर झ्देंका, खाली हळुवार ओळ. उतारावरचा फोटो फुल्व्योने शेवटच्या पानावर नंबरांच्या तक्त्याशेजारी टाकला होता, काडेपेटीएवढा. तो का होईना टाकला, हे नीवेसने त्याच्या नावावर जमा धरलं. नवा रेजिना पुढच्या वर्षी निघाला, मागून दोन बोटं खाली. इंजिनिअरसाहेबांनी त्या काठाला स्वतःचं नाव दिलं. नीवेसला वाईट वाटलं, पण थोडंच. जिन्यावर चढून पुढं झुकल्यावर वहीत लिहिण्यासारखं पहिल्यांदाच काही नव्हतं, आणि इंजिनिअरसाहेब पेन हातात घेऊन बराच वेळ थांबले होते.

झ्देंकाने तोवर फोटोंचं काम सोडलं होतं. ती वडिलांच्या लिफ्टशेजारी पोरीबायकांना स्की शिकवत होती. डिसेंबरात तिच्याकडून एक जाड पाकीट आलं. आत वर्तमानपत्राचे चौदा तुकडे, प्रत्येकावर पेन्सिलीने काढलेला एकेका पायाचा आकार, आणि पोटरी कुठं सुरू होते ते सेंटिमीटरमध्ये. पोस्टातली बाई, शाळेतली, भटारखान्यातली, झ्देंकाची आई. आईच्या अंगठ्याशेजारी हाड बाहेर आलं होतं, त्याला बाण काढून ‘इथं दुखतं’ असं इटालियनमध्ये चुकीच्या स्पेलिंगने लिहिलं होतं.

नीवेसने ते तुकडे बाकावर ओळीने मांडले, वारा लागून उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक बकल ठेवलं, आणि आईच्या पायापासून सुरुवात केली.