खांबापर्यंतची ट्रायल

"काकू, आज काकांना सोडणार नाही हं आम्ही!" दाताच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या दारातच जाहीर केलं. मागे आणखी तिघे हेल्मेट घालून तयार. आमचे हे मात्र स्टुलावर बसून एका चेनला तेल घालत होते. त्या चेनला तेल घालून कधीच झालं होतं, मी बघितलं होतं.

"दुकान कोण बघणार?" हे म्हणाले.

"रविवारी कसलं दुकान! आणि आज नाही तर कधी जाणार? गुडघा बदलल्यावर?"

ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. त्यानंतर डोंगरावर सायकल बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. चालू कधी केली होती म्हणा! शहराला लागूनच वनखात्याचा डोंगर, सगळ्यांना मोकळा. लोक तिथून सायकली खिळखिळ्या करून आणायचे आणि हे टायरची माती बघून म्हणायचे, "तांबडी? म्हणजे खाणीमागच्या वाटेनं गेला होतात. तळ्याकाठची काळी असते." स्वतः मात्र दुरुस्त झालेल्या सायकलवर बसायचं, गल्लीच्या टोकाच्या विजेच्या खांबापर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. झाली ट्रायल. मग सायकल माझ्यापुढे. मी दोन्ही ब्रेक दाबून बघितल्याशिवाय आमच्याकडून एकही सायकल बाहेर जात नाही. आपलं काम आपणच पास करायचं नाही, हा यांचा हट्ट.

खरं सांगू? हे उताराला घाबरायचे. कुणी उतरणीची गोष्ट सांगायला लागलं, की हे आपले फडक्याला हात पुसत बसायचे.

"जा हो एकदा," मी म्हणाले. "नाहीतर जायचं राहिलं, जायचं राहिलं, असं जन्मभर मलाच ऐकवाल."

हे उठले. कोपऱ्यातून त्यांनी स्वतःची सायकल काढली. लोकांनी टाकलेल्या भागांमधून हौसेनं जुळवलेली, एक चाक लाल, एक काळं. कुणासाठी, ते कधी बोलले नव्हते. हेल्मेट उलटं घातलं, ते डॉक्टरीणबाईंनी सुलटं केलं, आणि हसतखिदळत वरात निघाली.

मी स्कूटरवरून पुढे जाऊन डोंगराच्या पायथ्याशी, वनखात्याच्या फाटकापाशी थांबले. थर्मासमधून चहा ओतताना एकदम आठवलं, यांच्या सायकलचे ब्रेक मी दाबलेच नाहीत! सगळ्या दुनियेचे दाबले आणि नवऱ्याचेच विसरले. फोन लावला तर वर रेंज नाही.

डॉक्टरीणबाई उतरल्या. मागोमाग तिघेही आले.

"अहो, हे कुठायत?"

"येतायत काकू, वर जरा थांबलेत."

जरा म्हणजे किती? मी फाटकाशेजारच्या कट्ट्यावर चढून टाचा उंच केल्या. तेवढ्यात झाडीतून मोठी आरोळी आली. संपलं सगळं, असं वाटून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा हे माझ्यासमोरून सुसाट चालले होते आणि चक्क शाळेतल्या पोरासारखे ओरडत होते! फाटकातून बाहेर पडून समोरचा चढ चढले आणि तिथे सायकल आपोआप थांबली.

मी धावत गेले. "अहो, मी ब्रेक बघितलेच नव्हते!"

"माहितेय." यांना धाप लागली होती, मिशा तांबड्या झाल्या होत्या. "वर गेल्यावर लक्षात आलं. परत फिरणार होतो. मग म्हटलं, इतकी वर्षं करतोय, आपल्याला काय कळत नाही? मीच दाबले, मीच पास केले. आणि अगं, या शेवटच्या उतारावर तर लावलेच नाहीत!"

"शाबास! मी इथे भीतीनं मेले असते."

"मेली नाहीस ना? मग चहा दे." आणि हे हसता हसता रडायलाच लागले. मग मीही रडले. डॉक्टरीणबाई बिचाऱ्या शहाण्यासारख्या दुसरीकडे बघत राहिल्या.

सोमवारी एका गिऱ्हाइकाची सायकल तयार झाली. हे ट्रायलला निघाले. मी काउंटरवरून बघत होते. खांब आला. हे वळले नाहीत.

"काका कुठे चालले?" गिऱ्हाईक घाबरून म्हणालं.

"ट्रायल घ्यायला." मी त्याच्याकडे स्टूल सरकवलं. "बसा. वेळ लागेल."