किनाऱ्यावरची भोकं

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. कागदाचा नव्हे, चांगला कोकराच्या कातड्याचा. सहाशे वर्षं झाल्यावर वय मोजणं मी सोडून दिलं. मोबाईलमधल्या नकाशासारखी मला बडबड जमत नाही, म्हणून मला कमी लेखू नका.

मी जन्मलो बंदराजवळच्या एका खोलीत. कारागिराने माझ्यावर समुद्रकिनारा काढला आणि शाई वाळते न वाळते तोच त्या रेघेवर सुईने टोचायला घेतलं. मग मला कोऱ्या कातड्यावर पसरून भोकांवरून कोळशाची पूड फिरवली, की खाली ठिपक्यांचा किनारा उमटे. अशी माझी किती लेकरं झाली! जहाजांवर चढली ती गेलीच. मागे वळून एकानेही पाहिलं नाही.

पुढे पेट्या, माळे, धूळ. शेवटी एका निवृत्त मोजणीदाराने मला जुन्या सामानाच्या दुकानातून चौकटीसकट घरी आणलं. त्याची बायको वारलेली, लेक दूरच्या शहरात जुन्या नकाशांवर संशोधन करणारी. तो ताट घेऊन माझ्यासमोरच बसायचा. हाच मूळ नकाशा, बाकी सगळ्या याच्या नकला, असं येईल त्याला सांगायचा. लोक समोर माना डोलवत आणि जिन्यात हसत. हळूहळू कोणी येईनासं झालं.

एकदा लेक आली. तीन जुन्या नकाशांत शाईखाली तिला कोळशाचे ठिपके सापडले होते. ते कुठल्या नकाशाच्या भोकांतून पडले, हे शोधत ती बापाच्या दारात पोचली.

"बाबा, याच्या किनाऱ्यावर भोकं होती का हो?"

"होती की. कसर लागली होती. एकेक भोक खळीने बुजवलं, वरून रेघ ओढली. अख्खा हिवाळा गेला त्यात. आता एक तरी शोधून दाखव."

तिने भिंग लावलं, खिडकीतल्या उजेडात पाहिलं. एकही सापडेना, इतकं सफाईचं काम. मग तिने ती भोकं कशाची होती ते सांगितलं.

"आधी एकदा मला विचारायचं तरी, बाबा."

"तू फोन कधी उचलतेस?"

तिने माझी चौकट सोडवली. भोकं बुजवतानाही ती काढायचा त्याला धीर झाला नव्हता. कडेखाली एक चिमुकलं बेट दडलं होतं आणि त्याच्याभोवती अकरा भोकं. त्या तीन नकाशांतल्या ठिपक्यांची पारदर्शक प्रत तिने सोबत आणली होती, ती वर ठेवली. अकराच्या अकरा जुळली.

"म्हणजे मूळ हाच," तो पुटपुटला. मग माझ्यावरचा हात काढून म्हणाला, "घेऊन जा याला. इथे राहिला तर मी पुन्हा काळजी घेईन."

आता मी संग्रहालयाच्या थंड खणात आहे. शेजारच्या खणात माझंच एक लेकरू आहे म्हणे. आम्ही बोलत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूला भोक दिसलं की खळ घेऊन धावू नका. ते कशाने पडलं, हे आधी जाणत्याला विचारा. आणि तुम्ही जाणते असाल, तर फोन उचलत जा.

मोजणीदार आता कोणासमोर ताट घेऊन बसतो, हे मला इथे कोणी सांगत नाही.