सीटखालून गेलेली केबल

हार्लन स्कोगच्या हातचं काम बघायला लोक येत, आणि नाही आले तर तो स्वतः बोलावून दाखवी. मुलीच्या पिकअपमध्ये त्याने ड्रायव्हर एकमेकांशी बोलायला वापरतात तो सीबी रेडिओ बसवला त्या शनिवारीही शेजारचे दोघं कॉफीचे मग धरून अंगणात उभे होते, आणि पिकअपचं दार सताड उघडून हार्लन म्हणत होता, "शोधा. एक जरी वायर दिसली तरी माझं नाव बदला."

वायर खरंच कुठे दिसत नव्हती. करंटची वायर त्याने थेट बॅटरीपासून आणली होती. ती इंजिनामागच्या पत्र्यातून आत येते तिथे पत्र्याची धार लागू नये म्हणून रबरी कडी बसवली होती. रेडिओ डॅशबोर्डच्या पोटाशी असा घट्ट बसवला होता की गाडीसोबतच आला असावा. अँटेना छताच्या बरोबर मधोमध होता आणि त्याखालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडलेला होता. अँटेनाची केबल छताच्या अस्तरातून मागच्या खांबात, खांबातून चटईखाली आणि चटईखालून सीटच्या पट्टीला चिकटून पुढे आली होती. मग हार्लन आपले लांबलचक पाय पसरून सीटवर बसला, केबल तपासायचा मीटर लावला, माइकचं बटण दाबलं. काटा जिथे राहायला हवा तिथेच राहिला.

"वरूनच घ्यायची होतीस की, डॅशबोर्डवरून," आर्डिस म्हणाली. ती त्याची एकुलती एक मुलगी, चोविशीची, आईवर गेलेली, तिच्यासारखीच बुटकी. "वेंडेलच्या ट्रकमध्ये तशीच आहे. दिसली तर दिसली."

"वेंडेलच्या ट्रकमध्ये मोजे वाळत घातल्यासारख्या वायरी लोंबतात. माझ्या मुलीच्या गाडीत नाही लोंबायच्या."

आर्डिस नुसती हसली. बापाने काम मनापासून केलं होतं, आणि मुळात तिने ही नोकरी धरावी हेच त्याला पसंत नव्हतं. वर झाडं तोडणाऱ्या टोळीला डिझेल आणि सुटे भाग पोचवायचे, रोज सकाळी, लाकूडवाहू ट्रकांच्या रस्त्याने. "डोंगर म्हणजे शाळेची बस नाही," तो आठवडाभर कुरकुरत होता. तीही तेवढीच हट्टी. "मग रेडिओ चांगला बसव, म्हणजे झालं," एवढंच तिचं उत्तर.

तो रस्ता लाकूड कापायच्या गिरणीपासून वर चौदा मैल जातो आणि त्याची रुंदी एका ट्रकापुरती. ओंडक्यांनी भरलेला ट्रक उतारावर मनात येईल तिथे थांबत नाही, मागे तर मुळीच जात नाही. म्हणून दर मैलाला पाटी आहे, आणि पाटी आली की प्रत्येकाने रेडिओवर ओरडायचं. भरलेला ट्रक "भरलेली, नऊ" म्हणतो. वर जाणाऱ्याने ते ऐकायचं, मनात हिशेब करायचा आणि भरलेली यायच्या आत रस्त्याकडेच्या रुंद जागेत शिरून उभं राहायचं. या डोंगरावर रविवारी चर्चला नाही गेलात तर कोणी विचारत नाही. मैल सांगायला चुकलात तर सगळा डोंगर तुमची खरडपट्टी काढतो.

हार्लनने तीस वर्षं या रस्त्यावर ट्रक चालवला होता. खुबा मोडल्यापासून तो घरामागच्या शेडमध्ये बसून दिवसभर रेडिओ ऐके आणि कोणी न विचारता शेरे मारी. उंच खांबावरच्या त्याच्या अँटेनाला वरच्या टोकापर्यंतचं सगळं ऐकू येई. ड्रायव्हर वैतागत, पण त्याचं बोलणं उडवून लावत नसत. हार्लनने बसवलेला रेडिओ बंद पडल्याचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

सोमवारी निघताना त्याने आर्डिसला खिडकीतून बजावलं, "मैल सांगत जा. आणि कान उघडे ठेव. हा रेडिओ गप्प असेल तर समज, रस्त्यावर कोणी नाही. बिनधास्त जा."

"हो रे बाबा."

"आणि गप्पा मारू नकोस त्याच्यावर."

"ते तुझं खातं," म्हणत ती निघाली. पाठीशी तिने सोफ्यावरची उशी घेतली होती. हार्लनच्या मापाने मागे ढकललेली सीट तशीच होती.

सकाळ ओली होती. शनिवारी रात्रीपासून रिपरिप पडत होती आणि झाडांच्या कमरेपर्यंत धुकं उतरलं होतं. कोरड्या दिवसांत धुळीचा लोट उठतो, येणारी गाडी वळणापलीकडूनही कळते. ओल्या दिवसांत कळत नाही. हार्लनने शेडमधली शेगडी पेटवली, कॉफी ओतली आणि रेडिओचा आवाज वाढवला.

"पिकअप, वर, एक," आर्डिसचा आवाज आला, स्वच्छ, शेजारच्या खोलीतून बोलावं तसा. हार्लन स्वतःवरच खूश झाला.

"भरलेली, बारा," वरून वेंडेल प्रूइट म्हणाला. तो हार्लनच्याच वयाचा, पण अजून ट्रकवर. "सुप्रभात, आर्डिस. बापाने बसवलेला रेडिओ दिसतो. आवाज अगदी चर्चमधल्यासारखा येतोय."

"तुझ्यासारखा गोठ्यातून नाही येत," हार्लनने मध्येच तोंड घातलं.

थोड्या वेळाने पुन्हा आर्डिस आली. "पिकअप, वर, दोन. बाबा, एक मिनिट थांबतेय फाटकापाशी. चढ लागला, क्लचला पाय पुरत नाही. ही उशी कामाची नाही. सीटच पुढे ओढते."

"गप्पा नकोत म्हणालो होतो," हार्लन म्हणाला. तिकडून काही उत्तर आलं नाही.

"भरलेली, अकरा," वेंडेल म्हणाला.

हार्लनने कॉफीचा घोट घेतला. सीट सरकते ती पट्टी गंजलेली होती, ओढायला जोर लागणार. "भरलेली, दहा." आर्डिसचा तीन अजून आला नव्हता. फाटकापाशीच अडकली असेल. मदतीला कोणी नाही, हात तोकडे. तो उठून दारापर्यंत गेला, धुक्यात बघितलं, परत येऊन बसला. आतापर्यंत तीन यायलाच हवा होता. चारही. त्याने माइक उचलला. "आर्डिस. कुठे आहेस? आर्डिस, बोल."

नुसती खरखर.

आणि एकाएकी त्याला ते दिसलं. चटई दिसली, चटईखालची केबल दिसली आणि तिला चिकटून सरकणारा सीटचा लोखंडी पाय दिसला. त्याने ती केबल घातली तेव्हा सीट पार मागे होती. मीटर लावला तेव्हाही सीट मागेच होती आणि तो स्वतः तिच्यावर पाय पसरून बसला होता. आपल्याशिवाय त्या जागी दुसरं कोणी बसेल आणि सीट पुढे ओढेल हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. लोखंडी पाय केबलवर चढला, केबल चेपली, आतली तार बाहेरच्या जाळीला टेकली. झालं, काम खलास.

तिच्या रेडिओवर दिवा लागलेलाच असणार. ती बटण दाबून मैल सांगत असणार. फक्त ते कोणाला जाणार नाही, आणि तिला कोणाचं ऐकू येणार नाही. रेडिओ गप्प असेल तर रस्त्यावर कोणी नाही, बिनधास्त जा. हे तिला त्यानेच सांगितलं होतं, तासही झाला नव्हता.

"भरलेली, नऊ."

"वेंडेल! थांब. ट्रक थांबव. आर्डिस वर येतेय आणि तिचा रेडिओ मेलाय."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतोय. तिला तुझं ऐकू येत नाहीये."

वेंडेल हसला. "तुझ्या हातचा रेडिओ? महिनाभर मला मोज्यांवरून ऐकवतोयस आणि तुझा बंद पडला? अरे, पोरगी फाटकापाशी थांबलीय. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. सीट ओढत बसली असेल."

"नाही रे, वेंडेल..."

"हार्लन, माझे ब्रेक आत्ताच वास मारायला लागलेत. मध्येच दाबले तर खाली वळणाला काही उरणार नाही. तुला काळजी वाटते म्हणून मी चाळीस टन उतारावर उभे करू? ती फाटकापाशीच आहे."

बरोबरच होतं त्याचं. हार्लन ट्रकवर असता तर त्यानेही हेच म्हटलं असतं, आणि वर दोन शिव्या हासडल्या असत्या. हे सगळं डोंगरावरचा प्रत्येक ड्रायव्हर ऐकत होता, गिरणीतला वजनकाट्यावरचा माणूस ऐकत होता, शेजारचे ते दोघंही बहुतेक ऐकत होते. त्याने माइक तोंडाजवळ धरला.

"वेंडेल, ऐक. केबल मी सीटखालून घातलीय. दिसू नये म्हणून. सीट मागे होती तेव्हा घातली. तिने सीट पुढे ओढली आणि त्याच क्षणी तिचा आवाज गेला. तूही ऐकलंस, ती ओढते म्हणाली आणि त्यानंतर एक शब्द नाही. मी चुकलो. वायर चेपलीय. तिचा दिवा लागलेला आहे आणि तिला वाटतंय रस्ता मोकळा आहे. ती रस्त्याच्या मधून येणार, वेंडेल. मीच तिला तसं सांगितलंय."

हार्लनने बटण सोडलं.

"सीटखालून," वेंडेल म्हणाला. त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "देवा रे. सातनंतर, कोपऱ्याच्या वळणाआधी रुंद जागा आहे. तिथे गाडी घालतो. थांबली तर थांबली."

"हॉर्न वाजवत ये."

"वाजवतोय."

माइकचं बटण वेंडेलने दाबूनच ठेवलं होतं. शेडमध्ये ट्रकचं इंजिन ऐकू येऊ लागलं, त्याची धडधड, ब्रेकांची हवा सुटल्याचे सुस्कारे, आणि या सगळ्यावर तो लांबच लांब हॉर्न. हार्लन उभा राहिला होता. खुब्यात कळ मारत होती, ती त्याला जाणवली नाही. त्या वळणावर त्याने तीस वर्षांत किती वेळा ट्रक वळवला होता. एका बाजूला कापलेला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही, खाली ओढा. पिकअप चालवणारा माणूस तिथे त्या मोकळ्या कडेपासून लांब, रस्त्याच्या मधूनच वळतो. समोरून कोणी नाही अशी खात्री असेल तर जोरातच वळतो.

"नाही थांबत," वेंडेल म्हणाला, स्वतःशी बोलल्यासारखं. "थांब ना. थांब, माझी बाय."

रबर ओरडलं. मग खडखड, मग कशावर तरी काहीतरी आदळल्याचा आवाज, मग पुन्हा रबर, पण हे दुसरं, पातळ, लहान गाडीचं. आणि बटण सुटलं. पुन्हा नुसती खरखर.

हार्लनने हाक मारली नाही. हाक मारली आणि कोणी उत्तर दिलं नाही तर काय? शेगडीवर कॉफी उतू जाऊन करपत होती. त्याला आर्डिसची आई आठवली. ती असती तर त्याने केबल कुठून घातलीय हे तिने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, कारण सीट पुढे ओढल्याशिवाय तीही कधी गाडी चालवू शकली नव्हती.

"हार्लन." वेंडेलला धाप लागली होती. "आहे. उभी आहे. मी रुंद जागेत शिरलो, मागचा ओंडका कड्याला घासला. ती वळणातून आली ती रस्त्याच्या मधोमध. माझ्या बाजूने हातभर जागा ठेवून गेली आणि पुढे जाऊन थांबली. लागलं नाही तिला. माझ्याकडेच येतेय. शिव्या देतेय मला, म्हणजे ठीकच आहे."

हार्लन खुर्चीत बसला. त्याला रडू फुटलं, आणि या वेळी कोणाला दाखवायला नव्हतं म्हणून त्याने ते फुटू दिलं.

मग वेंडेलच्या माइकवर आर्डिस आली. "बाबा?"

"हं."

"मी सांगत होते रे." ती म्हणाली. "तीन सांगितला, चार सांगितला, पाच, सहा. प्रत्येक पाटीला सांगितला. मला वाटलं तू ऐकतोयस."

हार्लनने उठून करपलेली कॉफी शेगडीवरून उतरवली.

संध्याकाळी तो पुन्हा तिच्या पिकअपपाशी होता. आर्डिसला त्याने सीटवर बसवलं, तिला हवी तेवढी सीट पुढे ओढायला लावली आणि स्वतः मोडका खुबा घेऊन तिच्या पायांपाशी जमिनीवर आडवा झाला. चटई उचलली. केबल एका जागी पापडासारखी चपटी झाली होती. त्याने ती ओढून काढली आणि नवी आणली, छताच्या कडेने, दाराच्या वरून, डॅशबोर्डवरून सरळ रेडिओपर्यंत, काळ्या चिकटपट्टीने जागोजाग धरलेली. "आता पुढे ओढ," तो म्हणे. "आता मागे. परत पुढे. दार लाव. उघड." दर वेळी आर्डिस बटण दाबी आणि तो काट्याकडे बघे.

शेजारचे दोघं कुंपणापाशी आले. या वेळी त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"हार्लन, वायर दिसतेय की," एक जण म्हणाला.

"दिसू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला नव्हता. हार्लन शेडमध्ये बसला होता, आणि कॉफी गार होत होती.

"पिकअप, वर, एक."

"ऐकलं," हार्लन म्हणाला.

"पिकअप, वर, दोन."

"ऐकलं."

"पिकअप, वर, तीन."

"ऐकलं."

"हार्लन," वरून वेंडेल म्हणाला, "मैल ऐकून कोणी उत्तर द्यायचं नसतं, हा नियम तूच सगळ्यांच्या डोक्यात भरलास ना? चौदा मैल असंच चालणार आहे का?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"भरलेली, अकरा," वेंडेल म्हणाला.

"पिकअप, वर, चार," आर्डिस म्हणाली.

"ऐकलं," हार्लन म्हणाला.