'एल्स्पेथ गन'च्या पोटातली आग

'एल्स्पेथ गन'वर मी नऊ वर्षं सुतार होतो. स्कॉटलंडात क्लाइड नदीकाठी बांधलेलं शिडाचं लोखंडी जहाज. आम्ही खलाशी तिला बाईच मानायचो. कलकत्त्याचा ताग, ऑस्ट्रेलियाची लोकर, सगळं तिनं वाहिलं. शेवटच्या खेपेला वेल्सचा कोळसा होता, सॅन फ्रान्सिस्कोसाठी.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नच्या लाटांनी आमच्या चार जीवरक्षक बोटींपैकी दोन नेल्या, दोन राहिल्या. पुढे उत्तरेला लागलो आणि एका पहाटे मी डेकवर गुडघा टेकला, तर फळी कोमट. ऊन अजून यायचं होतं.

कप्तान बेर्ड यांनी वाकून हात लावला. "कोळसा पेटलाय," ते हळूच म्हणाले. "पेट्री, कोठाराची झाकणं ठोकून टाक. फटींत डांबर भर. आत हवा गेली की संपलोच."

जवळची बेटं सहाशे मैलांवर, आणि वारा पडलेला. बावीस माणसं दोन बोटींत कोंबून एवढं अंतर कापणार कसं? म्हणून आगीच्या डोक्यावरच राहिलो. फळ्यांतलं डांबर वितळून बुटांना चिकटायचं. बाहेरच्या पत्र्यावरचा रंग फोड येऊन सोलायला लागला.

"मला काय, चूल फुकटची!" आचारी लॅकी म्हणायचा.

नवव्या दिवशी भर दुपारी कप्तानांच्या हाताखालचा अधिकारी, मेट मन्रो, कुऱ्हाड घेऊन आला. "सरक, पेट्री. झाकण फोडतो, पाणी ओततो. असं भाजून नाही मरायचं मला."

मी झाकणावर बसकण मारली. खालून चटके बसत होते. "आधी मला तोडा, साहेब."

कुऱ्हाड टाकून तो शेजारी बसला. "मला पोहता येत नाही रे."

"मला तरी कुठं येतं?"

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. तेराव्या दिवशी बेटाचा डोंगर दिसला, तेव्हा झाकणांच्या कडांतून धूर निघत होता. आम्ही बोटी सोडल्या. कप्तान सगळ्यांत शेवटी उतरले.

थोडं दूर गेलो असू, तोच मोठा धडाका झाला. मधली डोलकाठी सरळ खाली, जहाजाच्या पोटात गेली. मग 'एल्स्पेथ गन' एका कुशीवर कलली, आणि समुद्र वाफाळला.

"वल्ही मारा," कप्तान म्हणाले. त्यांनी मागे पाहिलं नाही.

बावीसच्या बावीस किनाऱ्याला लागलो. मन्रोनं बूट काढले, ओल्या वाळूत पाय खुपसले आणि संध्याकाळपर्यंत तसाच उभा राहिला. त्याला कुणी हाक मारली नाही.