सुताराच्या राखीव फळ्या

चर्चच्या दारात फक्त दोन पायऱ्या होत्या, पण त्यांच्यापायी शिवणकाम करणाऱ्या बाईने उपासनेला येणं सोडलं. अपघातानंतर ती चाकांच्या खुर्चीत होती आणि चार पुरुष तिला खुर्चीसकट उचलून आत नेत. "जिवंतपणी चौघांनी उचललेलं मला नाही सोसत," एवढंच ती म्हणाली.

ते सुताराच्या मनाला लागलं. म्हातारा घरी आला तो थेट माळ्यावर चढला, आणि बायको शिडीपाशी धावली. माळ्यावर सागवानी फळ्या होत्या, त्याच्या स्वतःच्या शवपेटीसाठी वीस वर्षं जपलेल्या. जन्मभर इतरांच्या पेट्या हलक्या लाकडाच्या केल्या. हौस म्हणावी तर ही एकच. तिने एकदा त्या फळ्यांवर गाद्या रचल्या, तर त्याने आठवडाभर अबोला धरला होता!

"हात लावाल तर याद राखा!" ती खालून ओरडली. "मेल्यावर तुम्हाला काय खोक्यात घालू?"

"घाल की. मला थोडंच दिसणार आहे?"

"लोक मला नावं ठेवतील."

फळी खाली सरकवत तो म्हणाला, "प्रभू येशूला तरी कबर दुसऱ्याचीच मिळाली ना? ज्याने स्वतःची देऊन टाकली, त्याच्या बायकोनेही घर डोक्यावर घेतलं असेल."

"मग? काय मिळालं त्याला?"

"तिसऱ्या दिवशी कबर परत मिळाली. रिकामी."

तिला हसू फुटलं, पण राग काही गेला नाही.

रविवारी पायऱ्यांवर फळ्यांचा लांबलचक उतार होता. शिवणकामवाली स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत वर गेली. शेवटच्या बाकावर सुतार लहान पोरासारखा रडत होता. त्याच्याकडे बघून सुतारीण वरमली. इतकी वर्षं या माणसाबरोबर संसार केला, पण त्याचा एवढा अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

तीन वर्षांनी तो गेला. पेटी खरोखरच खोक्याच्या फळ्यांची झाली. आत मात्र शिवणकामवालीने रात्रंदिवस बसून पांढरंशुभ्र अस्तर शिवलं होतं. गाड्यावरून पेटी चर्चच्या दाराशी आली. चौघे जण उचलायला वाकले.

"थांबा," सुतारीण म्हणाली. "उचलू नका. त्यांच्या फळ्यांवरून न्या."

शिवणकामवाली खुर्ची चालवत पुढे झाली. तिच्यामागून गाडा चढू लागला, तशी फळी जराशी करकरली.

"मिळालं बघा परत," सुतारीण पेटीला म्हणाली, आणि डोळे पुसून मागोमाग वर गेली.