शेवटचा हात

“हात थांबला का डाग पडला, कडूबा!”

बाप जाऊन तीस वर्षं झाली होती. तरी खामगावात रंगरावांच्या दुकानाची पायरी चढताना कडूबा सुताराला तो आवाज काल ऐकल्यासारखा ऐकू आला. लाखेत बुडवलेला कापडाचा बोळा पोराच्या मुठीत देऊन बाप, निवृत्ती सुतार, मागे उभा राहायचा. वीणेच्या भोपळ्यावरून हात ओढ्याच्या पाण्यासारखा वाहता राहिला पाहिजे, एवढंच त्याचं शिकवणं.

“या मिस्त्री! अमडापूर सोडून आज इकडं कसे? वहिनीबी संगं?” रंगराव गादीवरून उठले. “काय दाखवू?”

“बंदूक.”

“लायसन हाय का?”

“स्पिरिटाचं भेटलं नाई, म्हून तं बंदुकीपाशी आलो ना बाप्पा!”

कडूबाची बायको पंचफुला पदराआड हसली. हसण्यासारखं होतंच. दारूबंदीचे दिवस. पॉलिशच्या स्पिरिटालाही परवाना लागे, आणि कडूबाच्या अर्जाला सहा महिने उत्तर नव्हतं. तिकडे अकोल्याच्या दुकानदारानं चार गिटारी सांगितलेल्या. अमडापुरात त्या गिटारीला लोक ‘मेमची वीणा’ म्हणत आणि दारावरून जाताना तार छेडून पळत. लाकूड तासून, घासून तयार झालं. पॉलिशवाचून उघडं पडून राहिलं. शेवटी पंचफुलाला माहेरची आठवण झाली. तिच्या माहेरच्या शेजारी लाखेच्या बांगड्या करणारे होते. ते टाकणखाराच्या पाण्यात लाख उकळत. तिनं चुलीवर करून पाहिलं, लाख विरघळली आणि पाण्याला गुळाच्या पाकाचा रंग आला.

पण ही पाण्याची लाख भलती मानी. कापड लागलं की खालचा थर उठून यायचा. तिला कुणी शिवायचं नाही. तिनं आपलं वरून धुक्यासारखं उतरायचं. म्हणून ही रंग फवारायची बंदूक.

रंगरावांनी आधी डासांच्या औषधाचा पत्र्याचा पंप दाखवला. “हा थुंकते,” कडूबा म्हणाला. मग मोटारी रंगवायची लोखंडी गन आली, खाली डबा लोंबणारी. त्यानं तिची सुई काढून नखावर फिरवली. “इच्यात पानी गेलं का गंज धरन. अन् गंज लाखेत उतरला का मेमच्या वीणेले देवीचे वण!”

“मंग पितळीच घ्या. वाटी वरतून, म्हनून हवा कमी लागते. पायानं पंप मारला तरी चालते. दोन हायेत. हे जड, पाटी रंगवनाऱ्यांची. अन् हे लहानी, फोटोवाल्यांची.”

कडूबानं जड उचलली. वजनानं मूठ स्थिर राहील, असा त्याचा हिशेब होता.

तो हिशेब त्यानं कुणाला सांगितला नव्हता. दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात कापत होता. स्पिरिटाच्या लाखेत ते खपून गेलं. तो शेवटचा हात द्यायचा, डाग पडायचे, आणि जेवण झालं की तो डोळ्यांवर उपरणं ओढून पडायचा. मग कापडाची सुळसुळ ऐकू यायची. वरून स्पिरिट लावलं की जुना थर विरघळतो, डाग जिरतात. त्या सुळसुळीबरोबर पंचफुलाचा बारीक सूर यायचा:

*लाखेच्या रंगामंदी ऊन मावलं गं बाई,*
*वीणा बोलते घरधन्याची, मले बोलायाचं नाई.*

उठून पाहावं तर वीणेवर आरसा. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. भजनी मंडळी म्हणायची, मिस्त्रीचा हात! तो खाली पाहून सुपारी कातरत राहायचा.

आता पाण्याच्या लाखेला मागून कुणी सावरू शकणार नव्हतं. जो गन धरील, त्याचाच हात दिसणार होता.

“आमच्या देवळातल्या वीणेले गेल्या साली काय हात मारला व्हता तुमी!” रंगरावांनी वाटीत पाणी ओतलं. “घ्या, या फळ्यावर मारून पाहा.”

दाराशी सरकी-ढेपेचे भाव लिहायचा काळा फळा उन्हात उभा होता. पंचफुलानं पंपावर पाय ठेवला. कडूबानं श्वास धरला आणि चाप ओढला. पाणी कुठे ठिपक्यांनी साचून ओघळलं, कुठे फळा कोराच राहिला.

“गनच्या तोंडात कचरा असन,” तो म्हणाला.

रंगरावांनी तोंड बदललं. पुन्हा तेच. “वहिनी, तुमी मारा बरं. मानूस बदलून पाहू.”

“मी काऊन? मले काय येते!” म्हणता म्हणता तिनं जवळची लहान गन घेतली. आता रंगरावांनी तिच्या वाटीत पाणी ओतून पंप मारला. फळ्यावर पाणी उतरलं ते आरशावर श्वास धरावा तसं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखं, आणि शेवटाला मनगटाची हलकी उचल. ती उचल कडूबानं ओळखली. देवळातल्या वीणेच्या काठावर ती होती.

पंचफुलानं चटकन गन खाली ठेवली. “मघा माहा पायच बराबर नव्हता पडत. ह्यायचा काई दोष नाई. जडच बांधा.” आणि तिनं पाय पुन्हा पंपावर ठेवला, जणू तिची जागा तीच.

ऊन कडक होतं. आधी तिचा पट्टा वाळला, मग त्याचे ओघळ. पाहता पाहता फळा कोरडा झाला, सरकीचा जुना भाव पुसट दिसू लागला. काही घडलंच नव्हतं, असं म्हणायला आता कुणाची हरकत नव्हती.

“मंग जड बांधू ना, मिस्त्री?”

कडूबानं जड गन हातात तोलली आणि रंगरावांपुढे ठेवून दिली.

“नाई. लहानी बांधा. इच्या हाताले बसते.”

“वहिनीच्या?”

“हाव. माहा हात कापते रंगरावजी, दोन वर्सं झाले. तुमच्या देवळातल्या वीणेवरचा शेवटचा हात इचाच हाय.”

रंगरावांची सुतळी हातातच राहिली. पंचफुलाचा पाय पंपावर होता तसाच होता. कडूबानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

“मी निजलो नव्हतो, पंचफुला. एकबी दुपार निजलो नव्हतो.”